एक पान, तीन ठिपके

माझ्या धाकट्या बहिणीने, थेल्माने, मला तीन आठवडे बर्नार्ड मॅचिनचे दात बघायला लावले. हे आधीच सांगून मोकळी होते. मनात ठेवलं तर पुढचं धड लिहिता येणार नाही.

आमची गल्ली अरुंद. माझ्या पुढच्या खोलीसमोर, नाकासमोर म्हणा, थेल्माची पुढची खोली. मधून एखादी मोटार अंग चोरून जाते. सकाळी मी पडदा सरकवला की पहिलं दर्शन तिच्या खिडकीचं. त्या एप्रिलमध्ये त्या खिडकीत नगरसेवक बर्नार्ड मॅचिनचं पोस्टर होतं. गळ्यापासून वर सगळा माणूस, आणि त्यात निम्मे दात. खाली मोठ्या अक्षरांत, ‘याच मातीतला, भट्टीचा माणूस’. आमचं शहर चिनीमातीच्या भट्ट्यांवर वाढलेलं, म्हणून.

कुणी म्हणेल, तिची खिडकी, तिने काही लावावं. लावावं की. पण मॅचिनच्या विरोधात उभा होता माझा नेव्हिल, तिचा सख्खा भाचा. लहानपणी त्याला गोवर झाला तेव्हा हीच रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसली होती.

नेव्हिल का उभा राहिला तेही सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला जुना पोहण्याचा तलाव आहे. छपराखालचा, हिरव्या फरशांचा, कपडे बदलायच्या खोल्यांना अर्धीच दारं असलेला. मी तिथे पोहायला शिकले, थेल्मा शिकली, नेव्हिल शिकला. दर मंगळवारी सकाळी आम्ही दोघी बहिणी डोक्याला रबरी टोप्या घालून तिथे जातो आणि गप्पा मारत पाण्यात तरंगतो. मॅचिनने कौन्सिलात ठरवून घेतलं की तलाव पाडायचा आणि तिथे गाड्या लावायची जागा करायची. शेवटचं मतदान जूनच्या सभेत व्हायचं होतं, आणि कौन्सिलात दोन्ही बाजू अशा बरोबरीत होत्या की आमच्या वॉर्डाचा माणूस जिकडे बसेल तिकडे पारडं झुकणार. म्हणजे नेव्हिल आला तर तलाव राहणार, मॅचिन आला तर जाणार. इतकं सरळ होतं ते.

नेव्हिल तेव्हा बावन्न वर्षांचा. त्याचं ओटकेकचं दुकान आहे. दुकान कसलं, घराच्या पुढच्या खिडकीतूनच देतो. तव्यावरून उतरलेला गरम ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, आत चीज आणि बेकन. रविवारी रांग कोपऱ्याला वळसा घालते. पोर सोन्यासारखं आहे, पण दोन खोड्या आहेत. एक म्हणजे केस. सतराव्या वर्षी गिटार वाजवायचा तेव्हा वाढवलेले, ते अजून खांद्यावर. गिटार गेली, केस राहिले. दुसरी म्हणजे त्याची अदब. त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर हाच माफी मागतो. सोडतीत शेवटचं बक्षीस, साबणाची वडी, तीसुद्धा त्याला कधी लागली नाही. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला आणि दारोदार जाऊन म्हणायला लागला, “माफ करा हं, तुमचा वेळ घेतोय.”

मी पोस्टर पाहिलं त्याच दिवशी रस्ता ओलांडला.

“थेल्मा, खिडकीत काय आहे ते?”

“पोस्टर.”

“ते दिसलं. कुणाचं?”

“चष्मा कुठे टाकलास?”

“भाचा उभा आहे तुझा.”

“पाहिलं. त्याच्या पत्रकावरचा फोटो पाहिला आणि मला वाटलं तूच उभी राहिलीस.”

“तलाव पाडणार आहे तो माणूस. मंगळवारी काय करशील, न्हाणीघरात तरंगशील?”

“हे बघ मेव्हिस,” ती दारातल्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून म्हणाली, “हा कठडा बघ. दोन वर्षं मी कौन्सिलला पत्रं घातली. पायऱ्यांवरून दोनदा पडले. बर्नार्ड आला, बघून गेला, महिन्यात कठडा बसला. जाताना म्हणाला, खिडकी द्याल का? मी दिली. माणसाने शब्द दिला की पाळावा.”

“आणि रक्ताचं नातं?”

“नात्याने कठडा बसवला नाही.”

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी ऐकलंच आहे. त्या दिवसापासून बोलणं बंद. तीन मंगळवार आम्ही तलावाच्या दोन टोकांना पोहलो, अनोळखी असल्यासारख्या. मधे आमच्या चॅपलची, लहान चर्चची, बिचारी बाई दोघींशी आलटून पालटून हवापाण्यावर बोलत होती.

भांडणानंतर चार दिवसांनी माझं पुडिंगचं भांडं दारात आलं. ईस्टरला तिच्याकडे राहिलेलं. आत चिठ्ठी: ‘भांडं परत. साखर जास्त होती.’ आणि कोपऱ्यात तिची खूण.

या खुणेचं सांगायला हवं. आम्ही दोघी पंधराव्या वर्षी शाळा सोडून चिनीमातीच्या कारखान्यात गेलो. मी ताटल्यांच्या कडेला सोनेरी रेघ मारायची, थेल्मा गुलाब रंगवायची. प्रत्येक रंगवणाऱ्या पोरीची स्वतःची खूण असे. काम झालं की ताटली उलटी करायची आणि बुडाला ब्रशच्या टोकाने ती काढायची. पुढे काही बिघडलं तर कुणाच्या हातून बिघडलं ते समजावं म्हणून. माझी खूण म्हणजे आडवी रेघ आणि वर एक टिंब. थेल्माची म्हणजे इवलंसं पान आणि त्यावर तीन ठिपके. एकतीस वर्षं तिने ते पान काढलं. कारखाना बंद झाला, भट्ट्या थंड झाल्या, पण हिच्या हाताला कुणी सांगितलंच नाही. वाणसामानाच्या यादीवर पान, नाताळच्या कार्डावर पान, गॅसच्या अर्जावर सहीच्या खाली पान. हात थांबला की पान उमटतं. तिला स्वतःला कळतही नाही.

मतदान गुरुवारी, चॅपलच्या सभागृहात. दाराबाहेर आमच्याकडे पद्धत आहे की प्रत्येक उमेदवाराचं एक माणूस खुर्ची टाकून बसतं आणि मत देऊन येणाऱ्याला यादीतला नंबर विचारतं. कोण येऊन गेलं आणि कुणाला अजून घरून काढायचं आहे ते कळतं. नेव्हिलच्या बाजूने मी बसले, छातीवर हिरव्या फितीचं फूल लावून. जुन्या पडद्याच्या कापडातून मीच केलेलं. मॅचिनच्या बाजूने त्याची बायको पॉलीन. तिचं फूल दुकानातलं, आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी.

अकराच्या सुमारास थेल्मा आली. चांगला कोट, चांगली टोपी.

“नंबर,” मी म्हटलं. तीन आठवड्यांतला पहिला शब्द.

“कशाला?”

“सगळे सांगतात.”

“मी म्हणजे सगळे नाही. मत गुप्त असतं.”

“नंबर विचारतेय, मत नाही. मत तर खिडकीतच टांगलंयस.”

पॉलीन मॅचिन खुदकन हसली. थेल्माने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा पिशवीवर पाय नीट ठेवायला लागली.

आत एक फुली मारायची असते. जास्तीत जास्त अर्धं मिनिट. ही बाई चार मिनिटं आत होती. मी घड्याळ लावून बसले होते. शेवटी आतून तिचा आवाज आला, बसलेल्या कारकुनाला सांगत होती, “तुमची पेन्सिल बोथट आहे. हिने काही नीट काढता येत नाही.” मग ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी मनात म्हटलं, एवढा वेळ लावून बाईने मॅचिनची फुलीसुद्धा रंगवली वाटतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, क्रीडासंकुलाच्या मोठ्या हॉलमध्ये. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, त्यावर लांबच लांब टेबलं, प्रत्येक वॉर्डाला एक. नेव्हिलचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून माझं नाव होतं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. दारात एका पोरीने कागद दिला. नेव्हिलने मला वाचून दाखवला: आत मतपत्रिकांवर जे दिसेल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. खाली मी सही केली. आता त्याला आठ वर्षं झाली, मॅचिन स्पेनला राहायला गेला, आणि ज्या माणसाचं गुपित आहे त्यानेच मला लिही म्हटलंय, तेव्हा लिहिते.

पेट्या उपडी झाल्या. मोजणाऱ्या पोरी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून चिमटे लावू लागल्या. उमेदवार दोनच, म्हणून गठ्ठ्यांच्या दोन रांगा. आयुष्यभर ताटल्यांच्या चळती पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना मोजायची गरज नव्हती. दोन्ही रांगा समान वाढत होत्या. मॅचिनची वीतभर पुढे जायची, मग आमची, मग पुन्हा त्याची. एकोणीस वर्षं तो निवडून येत होता, दर वेळी त्याची रांग दुप्पट. या वेळी तो टेबलाजवळ आला, रांगा पाहिल्या, आणि त्याचे दात आत गेले.

माझं पोर काय करत होतं? मोजणाऱ्या पोरींना “दमलात का हो” म्हणून विचारत होतं.

“नेव्हिल,” मी म्हटलं, “गठ्ठे बघ. नीट लक्ष ठेव.”

“आई, त्यांना येतं त्यांचं काम.”

“त्यांना येतं. तुला येत नाही.”

तेवढ्यात पॉलीन मॅचिन आत आली. तिची गाडी बाहेर बंद पडली होती, बॅटरी गेलेली, आणि मागे कुणाची तरी गाडी अडून होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गठ्ठ्यांकडे पाहत होता.

“मी बघतो,” नेव्हिल म्हणाला.

“तू कुठेही जायचं नाहीस,” मी म्हटलं.

“आई, आलोच पाच मिनिटांत.” आणि गेला. स्वतःच्या निवडणुकीच्या दिवशी विरोधकाच्या बायकोची गाडी ढकलायला. मी त्याच्या पाठीवर उडणाऱ्या केसांकडे बघत राहिले आणि देवाला विचारलं की माझ्या पोटी हा कसा आला.

तो गेला आणि दोनच मिनिटांत निवडणूक अधिकाऱ्याने आम्हाला बोलावलं. तरुण बाई होती, दक्षिणेकडून नोकरीला आलेली, आवाज शांत. म्हणाली, “उमेदवार किंवा प्रतिनिधी, इकडे या. शंका असलेल्या सहा मतपत्रिका आहेत. एकेक बघू आणि ठरवू.” मॅचिन गेला, मी गेले. मॅचिनच्या माणसाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. कुजबुजायची कला त्याला नव्हती, मला सगळं ऐकू आलं. बाकीची मतं मोजून झाली होती. आठशे बारा, आठशे बारा.

पहिली कोरी. बाद. दुसरीवर दोघांच्याही पुढे फुली. बाद. तिसरीवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘यांतला एकही चहाला बोलावण्यासारखा नाही.’ बाद, पण बाई हसली. चौथीवर मॅचिनच्या चौकोनात फुलीऐवजी बरोबरची खूण. हेतू स्पष्ट आहे, म्हणाली, मॅचिनला एक. पाचवीवर नेव्हिलच्या चौकोनात हसरा चेहरा. हाही स्पष्ट, नेव्हिलला एक. पुन्हा बरोबरी.

मग तिने सहावी ठेवली.

नेव्हिलच्या चौकोनात फुली होती. पण फुली कशी, तर दोन्ही रेघा सारख्या, चारही टोकं चौकोनाच्या कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर. बोथट पेन्सिलीने असं काढायला हात लागतो. फुलीच्या शेजारी दोन शब्द: ‘केस काप.’ आणि खाली कागदाच्या कोपऱ्यात इवलंसं पान, त्यावर तीन ठिपके.

माझ्या पायाखालची बॅडमिंटनची रेघ हलली.

अधिकारी बाई म्हणाली, “मत कुणाला आहे याबद्दल शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. मतपत्रिकेवर असं काही असेल ज्यावरून मतदार कोण ते ओळखता येईल, तर ती बाद करावी लागते. लिहिलंय त्यावरून नाव कळत नाही. पण ही खाली खूण आहे. ही कुणाची निशाणी वगैरे असू शकते का?”

वाचणाऱ्यांना माझी जीभ माहीत नाही म्हणून सांगते. लग्नात पाद्रीने नाव चुकीचं घेतलं तेव्हा मी त्याला तिथेच थांबवलं. डॉक्टरला मी त्याच्या दवाखान्यातल्या धुळीबद्दल बोलले, अंगात ताप असताना. मला दिसलेली चूक न बोलता माझ्याच्याने गिळली जात नाही. आणि इथे तर ती खूण मला माझ्या स्वतःच्या नखांसारखी ओळखीची. ‘अगं ही तर आमची थेल्मा’ हे शब्द दातांच्या आत येऊन उभे राहिले. मी दात मिटले. जबडा दुखायला लागला इतके मिटले.

बाईने आधी मॅचिनकडे पाहिलं. “नगरसेवक साहेब, मी इथली नाही. तुमच्या पत्रकात वाचलं, तुम्ही भट्टीचे माणूस. इथल्या कामात अशी काही खूण करायची पद्धत असते का?”

आता मॅचिनचं सांगायचं तर त्याच्या बापाचं जोड्यांचं दुकान होतं, आणि हा आयुष्यभर विमा विकायचा. भट्टी त्याने आतून एकदाच पाहिली, महापौरांबरोबर, डोक्यावर टोपी घालून फोटो काढायला. हे मला माहीत होतं आणि अर्ध्या वॉर्डाला माहीत होतं. त्या क्षणी त्याने “मला ठाऊक नाही, कुणा जुन्या रंगवणारणीला विचारा” एवढं म्हटलं असतं तर ती बाई माझ्याकडे वळली असती. आणि मला सरळ विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. असं मी स्वतःला सांगत आले आहे.

पण एकोणीस वर्षं भट्टीचा माणूस म्हणून मिरवल्यावर ठाऊक नाही कसं म्हणणार? तो वाकला, चष्मा कपाळावर चढवला, जाणकारासारखा श्वास सोडला.

“छे. असली काही पद्धत नाही. हयात गेली माझी या मातीत. हा लेडीबर्ड आहे, ठिपक्यांचा किडा, पानावर बसलेला. कुणी आजी नातवंडाला बरोबर घेऊन आली असेल, त्याने काढला.”

“नक्की?”

“बाई, माझ्या शहराबद्दल मला सांगू नका.”

“नाही सांगत,” ती म्हणाली. “मग ही मतदाराची निशाणी नाही. मत ग्राह्य धरते.” आणि तिने कागद नेव्हिलच्या बाजूला ठेवला.

मॅचिनला कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा दूध उतू जायला लागतो.

“थांबा, थांबा. चित्र काढलंय त्यावर. कागद खराब केलाय. बाद करा.”

“चित्र काढलं म्हणून मत बाद होत नाही. माणूस ओळखता आला तर होतं. तुम्हीच म्हणालात, लेडीबर्ड आहे.” मग माझ्याकडे वळून, “मिसेस टनिक्लिफ, तुमची काही हरकत?”

“माझी कशाला असेल,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच कुणा सभ्य बाईचा वाटला.

मॅचिनने पुन्हा मोजा म्हणून सांगितलं. मोजलं. पुन्हा एकदा मोजा. पुन्हा मोजलं. आठशे चौदा, आठशे तेरा. तिसऱ्यांदा म्हणणार तर त्याच्याच माणसाने त्याची बाही ओढली.

तेव्हा कुठे नेव्हिल आत आला. दोन्ही हात काळे, गालावर तेलाचा पट्टा, फितीचं फूल उलटं झालेलं.

“सुरू झाली गाडी,” तो मॅचिनला म्हणाला. “तारा नीट घट्ट करून घ्या पण. काय झालं इथे?”

“बावळटा,” मी म्हटलं, “तू निवडून आलास.”

त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी दुसरा उभा आहे का ते.

जाहीर झालं तेव्हा हॉलच्या त्या टोकापासून टाळ्या आल्या. चॅपलची बाई रडली. नेव्हिलने भाषण केलं ते असं: सगळ्यांचे आभार, मोजणाऱ्यांचे आभार, मिस्टर मॅचिन यांच्या एकोणीस वर्षांबद्दल आभार, मिसेस मॅचिन यांनी बॅटरी जोडायच्या तारा दिल्या त्याबद्दल आभार, आणि तलाव उघडा राहील. पॉलीन मॅचिनने नवऱ्याच्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि अगदी मनापासून.

घरी येताना मी गाडीत एक शब्द बोलले नाही. नेव्हिल दोनदा म्हणाला, “आई, बरं वाटत नाहीये का?” तिसऱ्यांदा त्याने गाडी बाजूला घेऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

“घरी चल,” मी म्हटलं. “आणि आत जाऊन माझी मोठी कात्री घेऊन ये. मग समोर मावशीकडे.”

“मावशीकडे? तुम्ही बोलत नाही ना?”

“आजपासून बोलतो.”

थेल्मा पुढच्या खोलीत स्टुलावर उभी राहून पोस्टर काढत होती. चिकटपट्टीने काचेवर डाग पडू नये म्हणून नखाने हळूहळू सोलत होती. मी तिला कठड्याला धरून वर चढताना दिसले, तरी ती खाली उतरली नाही.

“निवडणूक संपली,” ती म्हणाली. “खिडकी मी निवडणुकीपुरती दिली होती. आला का?”

“आला.”

“बरं झालं. कितीने?”

“एका मताने.”

तिचं नख थांबलं. मॅचिनचा निम्मा चेहरा काचेवर लोंबत राहिला.

“एका?”

“एका.”

“कुणाचं असेल,” ती म्हणाली, काचेकडे बघत.

“मी कसं सांगू? मत गुप्त असतं. तूच म्हणालीस. शिवाय मी कागदावर सही केली आहे.”

“मग नको सांगूस.”

“नाहीच सांगत.”

नेव्हिल कात्री घेऊन आला. मी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, केसांचं रबर काढलं. बावन्न वर्षांचा नगरसेवक सांगितल्याबरोबर बसला; त्याची सवयच ती.

“हे काय चाललंय?” थेल्मा दारात आली.

“केस कापतेय.”

“पस्तीस वर्षं तू त्याच्या केसांना हात लावला नाहीस. आजच कुणी सांगितलं?”

“मतदारांची इच्छा आहे,” मी म्हटलं.

थेल्मा सावकाश समोरच्या खुर्चीवर बसली. कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं उलटीसुलटी करून पाहिली, जशी ती बोटं दुसऱ्या कुणाची आहेत. कानापर्यंत लाल झाली. त्या बाईला लाजताना मी शेवटचं पाहिलं ते तिच्या लग्नात.

“कोपऱ्यात?” ती हळूच म्हणाली.

“मला काय विचारतेस. मी सही केली आहे.”

“अरे देवा.”

“काय झालं?” नेव्हिल टॉवेलातून म्हणाला.

“मान हलवू नकोस, कान जाईल,” मी म्हटलं.

मी दुसऱ्या बाजूची बट धरली. मग थेल्मा म्हणाली, “बर्नार्डने खिडकी मागितली होती, मेव्हिस. मत त्याने मागितलंच नाही, धरूनच चालला. हा आला होता माझ्या दारात. समोर त्या माणसाचं पोस्टर, तरी आला. म्हणाला, मावशी, तुला अडचणीत टाकायचं नाही, पण विचारलं नाही तर बरं दिसणार नाही. विचारलं त्याने.”

मी नेव्हिलच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं. “आणि तीन आठवडे मला हे सांगायला तुझी जीभ झिजली असती?”

“तू विचारलंस कुठे? तू नंबर मागत होतीस.”

ही माझी बहीण. मी केसांची शेवटची बट कापली, टॉवेल झटकला, कात्री टेबलावर ठेवली आणि तिला तोंडावर सांगितलं:

“थेल्मा ब्लूर, तू हट्टी आहेस, आतल्या गाठीची आहेस, आणि कारखाना बंद होऊन एवढी वर्षं झाली तरी जिथे पेन्सिल टेकेल तिथे पान काढायची तुझी खोड गेलेली नाही. त्या खोडीने आज आपला तलाव बुडता बुडता राहिला, आणि वाचला तोही तूच वाचवलास, म्हणून तुला माफ. आता तो दातवाला खिडकीतून पूर्ण खाली काढ, चहा टाक, आणि मंगळवारी माझ्याच टोकाला पोहायचं.”